ख्रिस्ताच्या बलिदानात शरीराचे आरोग्यही सामावलेले आहे का?

अंतर्यात्री

नमस्कार. आमच्या अभ्यासगटात सध्या यशयाचा ५३वा अध्याय चालू आहे. दुःख सोसणाऱ्या सेवकाचे ते वर्णन आहे: त्याने आमच्या व्याधी स्वतःवर घेतल्या, आमच्या अपराधांमुळे तो घायाळ झाला आणि त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हाला आरोग्य मिळाले. ख्रिस्ती मंडळी पहिल्या शतकापासून हा अध्याय येशूच्या वधस्तंभावरील मरणाशी जोडत आली आहे. गटातील काहींचे म्हणणे असे, की वधस्तंभावर जशी पापक्षमा सर्वांसाठी मिळवून ठेवली आहे, तसेच शरीराचे आरोग्यही मिळवून ठेवले आहे, आणि विश्वासाने मागणाऱ्याला ते आजच मिळायला हवे. इतरांच्या मते आत्म्याचा रोग म्हणजे पाप, आणि बलिदान फक्त त्याच रोगावरचा उपाय आहे.

मला दोन्ही बाजू अर्ध्यामुर्ध्याच पटतात. पहिली खरी मानली, तर वर्षानुवर्षे प्रार्थना करूनही आजारी राहिलेल्या विश्वासणाऱ्यांचे काय? दुसरी खरी मानली, तर येशूने आपल्या सेवेचा एवढा मोठा भाग आजाऱ्यांना बरे करण्यात का घालवला? सदस्यांनी अभ्यास आणि अनुभव दोन्ही मांडावेत. चर्चा देव आहे की नाही या वादाकडे नेऊ नये, ही विनंती. ती मानली जाणार नाही याची मला कल्पना आहे.

जुना_करार

नव्या कराराने हा अध्याय दोन ठिकाणी दोन निरनिराळ्या कारणांसाठी वापरला आहे, हे आधी समोर ठेवू. मत्तय ८:१६-१७ मध्ये येशू संध्याकाळी भूतग्रस्तांना आणि आजाऱ्यांना बरे करतो आणि यशयाचे वचन अशा रीतीने पूर्ण झाले, असे मत्तय लिहितो. तेथे सरळसरळ शरीराचे आजार आहेत. पेत्राच्या सासूचा ताप त्याच्या थोडाच आधी उतरलेला आहे. उलट १ पेत्र २:२४ मध्ये त्याच फटक्यांचा उल्लेख आहे, पण विषय पापाला मरून नीतिमत्त्वासाठी जगण्याचा आहे, आणि ज्यांना उद्देशून हे लिहिले आहे ते कोण, तर अन्यायाने मार खाणारे दास. तुमच्या पाठीवरचे वळ आज नाहीसे होतील, असे पेत्र त्यांना सांगत नाही.

म्हणजे 'फक्त आत्मा' म्हणणाऱ्यांना मत्तय अडवतो आणि 'शरीराचे आरोग्य आजच आणि हमखास' म्हणणाऱ्यांना पेत्र अडवतो. शिवाय मत्तयातील ती संध्याकाळ वधस्तंभाच्या पुष्कळ आधीची आहे. वचनाची पूर्तता गालीलातच झाली असेल, तर ती येशूच्या मरणाशी कशी जोडायची, यावर भाष्यकारांचे आजही एकमत नाही.

साक्ष

मी पेन्टेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या दानांवर आणि आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेवर भर देणाऱ्या, मंडळीत वाढलो, तेव्हा पहिल्या बाजूने बोलणे माझ्याकडेच आले. ही शिकवण दूरचित्रवाणीवरील प्रचारकांनी काढलेली आहे, असा एक समज आहे; तो बरोबर नाही. ए. जे. गॉर्डन आणि ए. बी. सिम्प्सन या पाळकांनी ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नीट विचार करून मांडली. सिम्प्सन स्वतः हृदयविकाराने खंगलेले होते आणि १८८१ मध्ये आपण बरे झालो अशी त्यांची साक्ष होती. ख्रिस्त हा तारणारा, पवित्र करणारा, बरे करणारा आणि पुन्हा येणारा राजा आहे, ही त्यांची चतुःसूत्री पुढे लॉस एंजेलिसमधील १९०६ च्या अझुसा स्ट्रीट जागृतीनंतर जगभर पसरलेल्या मंडळ्यांनी आपापल्या परीने उचलली. असेंब्लीज ऑफ गॉड या पंथाने १९१६ च्या आपल्या विश्वासविधानातच म्हटले आहे, की आजारातून सुटका प्रायश्चित्तात समाविष्ट आहे.

यामागचा तर्क साधा आहे. पापाबरोबर मरण जगात आले आणि आजार ही मरणाचीच पूर्वछाया आहे. ख्रिस्ताने मुळावर घाव घातला, तर फांद्यांना त्याने हातच लावला नाही असे कसे म्हणता येईल? स्तोत्र १०३ मध्ये सर्व अपराधांची क्षमा आणि सर्व रोगांपासून बरे होणे ही एकाच वचनात शेजारी शेजारी येतात. कफर्णहूमच्या पक्षाघाती माणसाला येशू आधी पापांची क्षमा देतो आणि मग बाज उचलून चालायला सांगतो. ते चालणे त्या क्षमेचा पुरावा म्हणून सांगितले आहे. आमच्याकडे सांगितल्या जाणाऱ्या प्रत्येक साक्षीची ग्वाही मी देणार नाही. परंतु माझ्या थोरल्या बहिणीचा औषधांना न जुमानणारा त्वचारोग प्रार्थनेनंतर काही आठवड्यांत गेला आणि परतला नाही, हे मी पाहिलेले आहे.

शंकेखोर

धागाकर्त्यांच्या विनंतीचा मान राखून देवाच्या अस्तित्वावर काहीच बोलत नाही. फक्त परिणामावर बोलतो. काही त्वचारोग आपोआप उलटतात आणि आपोआप शमतात. एका घटनेवरून कारण ठरवता येत नाही, म्हणूनच तर गट पाडून अभ्यास करावे लागतात. हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांचा २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयावरील सर्वांत मोठ्या अभ्यासांपैकी एक आहे. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेले १,८०२ रुग्ण त्यात होते. आपल्यासाठी प्रार्थना होईल की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांच्यात प्रार्थना झालेल्यांपैकी ५२ टक्के आणि न झालेल्यांपैकी ५१ टक्के रुग्णांना गुंतागुंतीला तोंड द्यावे लागले. प्रार्थना नक्की होणार असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के निघाले.

पायवाट

ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची नव्हती, त्यांच्या आज्यांना संशोधकांनी कसे आवरले, याची मात्र मला उत्सुकता आहे.

शंकेखोर

पायवाट, आक्षेप विनोदी असला तरी रास्त आहे आणि तो तज्ज्ञांनीही घेतला आहे. घरच्यांची प्रार्थना थांबवता येत नाही आणि थांबवूही नये. पण तसे असेल, तर प्रार्थनेच्या परिणामाचे मोजमाप होऊच शकत नाही असे म्हणावे लागेल, आणि मग अमुक माणूस प्रार्थनेमुळेच बरा झाला असेही ठामपणे म्हणता येणार नाही.

जुना_करार

या शेवटच्या मुद्द्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. बायबलमध्ये बरे करण्याला सहसा चिन्ह म्हटले आहे, आणि चिन्हाचे काम कशाकडे तरी बोट दाखवण्याचे असते. बेथेस्दा तळ्याकाठी आजारी, आंधळे आणि लंगडे यांचा मोठा समुदाय पडलेला असताना येशू ३८ वर्षे आजारी असलेल्या एकाच माणसाला उठवतो. टक्केवारी काढायची झाली, तर त्या दिवशीचा निकाल निराशाजनकच ठरेल.

रुग्णसेविका

मी रुग्णालयात परिचारिका आहे आणि स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती आहे. तात्त्विक बाजू इतरांनी सांभाळावी. मला जे बोलायचे आहे ते थोडे कडक वाटेल. 'तू बरा झाला आहेस, आता औषध घेणे म्हणजे अविश्वास' असे एखाद्या सभेत सांगितले गेल्यामुळे इन्शुलिन किंवा अपस्माराच्या गोळ्या बंद केलेले रुग्ण मी पाहिले आहेत. त्यातले काही वेळेवर परत आले. ही विकृती जुनी आहे. सिम्प्सन यांच्याच काळातील जॉन अलेक्झांडर डोवी यांनी झायन नावाचे आपले वेगळे नगर वसवले आणि तेथे डॉक्टरांना व औषधांना मज्जाव केला होता.

पवित्र शास्त्राला हे मान्य नाही. हिज्कीया राजा मरणोन्मुख असताना देवाने आयुष्य वाढवून दिले आणि तरीही यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचे पोटीस बांधायला लावले. प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी आणि वरचेवर होणाऱ्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. 'विश्वास वाढव' असे लिहीत नाही. लूकाला तर तो प्रिय वैद्य म्हणतो. चौथ्या शतकात कैसरियाचे बिशप बेसिल यांनी आजाऱ्यांसाठी मोठी संस्था उभारली आणि वैद्यकी ही देवाची देणगी आहे असे आपल्या संन्याशांना शिकवले. रोगावर प्रार्थना करणारा आणि रोग्याची जखम धुणारा यांच्यात स्पर्धा लावण्याचे काम पुढच्या काळातील लोकांनी केले.

साक्ष

रुग्णसेविका ताई, औषधे बंद करायला लावणाऱ्यांविषयी तुम्ही जे म्हटले आहे, त्यातील एकही शब्द मी नाकारत नाही. आमच्या पाळकांनी व्यासपीठावरून स्पष्ट सांगून ठेवले आहे, की बरे झाल्याचा निर्वाळा डॉक्टर देतील, सभा देणार नाही. फक्त एक सांगतो. आसा राजाने आजारपणात परमेश्वराला न विचारता केवळ वैद्यांचा आश्रय घेतला, याबद्दल २ इतिहासाच्या १६व्या अध्यायात त्याला दोष दिला आहे. तेव्हा दुसऱ्या टोकाचा धोकाही शास्त्राला ठाऊक होता.

काटेरी_वाट

बरेच दिवस नुसती वाचक होते. या धाग्यावर लिहावेसे वाटले. मला मज्जासंस्थेचा दीर्घकालीन आजार आहे आणि तो बरा होणारा नाही. अनेकांनी माझ्यावर हात ठेवून प्रार्थना केल्या आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांची मी मनापासून ऋणी आहे. परंतु एका प्रार्थनागटात, तेथेच पूर्वी मला फार जिव्हाळा मिळाला होता, हळूहळू प्रश्न सुरू झाले: मनात एखादे कबूल न केलेले पाप आहे का, कोणाला क्षमा करायची राहिली आहे का, विश्वासात कोठे खोट आहे का. आजाराने मला जेवढे थकवले नाही तेवढे त्या चौकशीने थकवले, कारण प्रत्येक वेळी आरोपीही मीच आणि पुरावा शोधणारीही मीच.

योहानाच्या ९व्या अध्यायात शिष्य हाच प्रश्न विचारतात: हा जन्मांध आहे तो कोणाच्या पापामुळे, याच्या की याच्या आईबापांच्या? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले १८ जण इतरांपेक्षा अधिक पापी नव्हते, हेही तोच सांगतो. पौलाने शरीरातील काटा काढावा म्हणून तीनदा विनंती केली आणि त्याला उत्तर मिळाले, की माझी कृपा तुला पुरे आहे. तो काटा आजारच होता की आणखी काही, यावर वाद आहे. पण पौलाचा विश्वास कमी पडला असे म्हणायला आजवर कोणी धजावलेले नाही. मग ते माझ्याविषयी इतक्या सहज का म्हटले जाते?

आणि ज्या ओळीवरून हा धागा सुरू झाला, तिच्याविषयी. पुनरुत्थित येशूने थोमाला हातांवरचे आणि कुशीतले व्रण दाखवले. मरणावर विजय मिळवलेल्या, पुन्हा कधीच न मरणाऱ्या शरीरावरही ते राहिलेले आहेत. ज्याच्या फटक्यांनी आरोग्य मिळते त्याचे स्वतःचे व्रण तसेच असतील, तर 'बरे होणे' म्हणजे पूर्वीसारखे धडधाकट दिसणे एवढीच व्याख्या मला पुरत नाही.

पायवाट

काटेरी_वाट, तुमच्या प्रतिसादापुढे विनोद करायला संकोच वाटतो. पण तुमच्याच बाजूने एक. प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन आजाऱ्यांवर ठेवले आणि ते बरे झाले. तोच पौल २ तीमथ्य ४:२० मध्ये लिहितो, की आपला सोबती त्रफिम याला मी मिलेतात आजारी सोडून आलो. त्या दिवशी एक रुमाल शिल्लक नव्हता का?

साक्ष

त्रफिमाने मला खरोखर निरुत्तर केले आहे. पौलाचा दुसरा सहकारी एपफ्रदीत तर मरणाच्या दारी पोचला होता, आणि तो वाचला तेव्हा पौल त्याचे श्रेय कोणाच्या विश्वासाला देत नाही, देवाच्या दयेला देतो. आमच्या सभांतून या दोघांवर प्रवचन झाल्याचे मला आठवत नाही.

दीपमाळ

कॅथलिक परंपरेची बाजू अजून आलेली नाही, म्हणून लिहितो. याकोबाच्या पत्रातील ५:१४-१६ वर आमचा आजाऱ्यांचा तैलाभ्यंग हा संस्कार उभा आहे. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांना, बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, प्रभू त्याला उठवील आणि त्याने पाप केले असेल तर क्षमा होईल. शरीर आणि आत्मा येथे एकाच कृतीत आले आहेत. मध्ययुगात हा संस्कार सरकत सरकत मृत्युशय्येपाशी जाऊन थांबला आणि त्याचे नावही अंत्याभ्यंग पडले. त्यामुळे धर्मगुरू तेल घेऊन आले, की रुग्णापेक्षा नातेवाईकांनाच धडकी भरायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर सहाव्या पॉल पोपनी १९७२ मध्ये विधीत सुधारणा केली. आता तो गंभीर आजार, मोठी शस्त्रक्रिया आणि वार्धक्य यांतही दिला जातो. शारीरिक आरोग्य मागितले जाते, पण ते मिळाले नाही तर संस्कार फसला असे मानले जात नाही, कारण आपले दुःख ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडले जाणे हेही त्याचे फळ आहे.

शंकेखोर यांच्यासाठी थोडेसे फ्रान्समधील लूर्द या तीर्थक्षेत्राविषयी. तेथील मरियेची दर्शने १८५८ ची आणि वैद्यकीय तपासणीचे कार्यालय १८८३ पासूनचे आहे. बरे झाल्याचे हजारो दावे आले. चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते सत्तरच्या आसपास. आमचीच मंडळी किती कंजूष आहे हे यावरून लक्षात यावे.

शंकेखोर

दीपमाळ, कंजूषपणाचे कौतुक आहेच, परंतु दीड शतकाहून अधिक काळात तेथे गेलेल्या लक्षावधी आजाऱ्यांच्या तुलनेत सत्तर ही संख्या मला विश्वासापेक्षा योगायोगाच्या बाजूची वाटते. मात्र काटेरी_वाट यांनी जे लिहिले, त्याला माझ्याकडे आकडेवारीचे उत्तर नाही आणि देऊही इच्छित नाही.

तर्जनी

मी सुधारणावादी प्रॉटेस्टंट परंपरेतला आहे. आमच्याकडील बेंजामिन वॉरफिल्ड यांनी १९१८ मध्ये असे प्रतिपादन केले, की बरे करण्याची कृपादाने, म्हणजे देवाने दिलेली विशेष सामर्थ्ये, प्रेषितांची ओळख पटवण्यासाठी होती आणि त्यांच्या पिढीबरोबर ती संपली. देव आजही बरे करतो, प्रार्थना ऐकतो. पण बरे करण्याचा अधिकार असलेली व्यक्ती आज नाही. हे मान्य केले तर साक्ष यांच्या सभा आणि रुग्णसेविका यांची तक्रार, दोन्ही प्रश्न एकदमच मिटतात.

जुना_करार

इतक्या सहज मिटत नाहीत. चौथ्या-पाचव्या शतकांतील ऑगस्टीन यांनीही तरुणपणी असेच काहीसे लिहिले होते, की चमत्कार आपल्या काळापर्यंत चालू राहू दिले गेले नाहीत. उतारवयात, हिप्पोचे बिशप असताना, त्यांनी स्वतःच्या परिसरातील बरे होण्याच्या घटनांची नोंद ठेवायला लावली आणि त्या आपल्या शेवटच्या मोठ्या ग्रंथात सविस्तर दिल्या. शिवाय याकोब कोणा चमत्कारी व्यक्तीला बोलवायला सांगतच नाही. साधे, स्थानिक, बहुधा कंटाळवाणे असे मंडळीचे वडील तो बोलवायला सांगतो. मला तर ही तरतूद फार शहाणपणाची वाटते: आजारी माणूस घरी, अंथरुणावर, आणि मंडळी त्याच्याकडे आलेली. व्यासपीठ नाही आणि गर्दीही नाही.

पूर्वा

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्यांची दृष्टी आतापर्यंत सुटली आहे. पश्चिमेकडे बलिदानाची चर्चा पुष्कळदा न्यायालयाच्या भाषेत होते: अपराध, दंड, सुटका. पूर्वेकडे तीच गोष्ट रुग्णालयाच्या भाषेत सांगितली जाते. ६९२ च्या त्रुल्लो या बिशपांच्या परिषदेचा शेवटचा, म्हणजे १०२वा, नियम पापकबुली ऐकणाऱ्याला वैद्याप्रमाणे रोगाचे स्वरूप ओळखून उपाय करायला सांगतो. नाझियान्झसचे ग्रेगरी यांचे चौथ्या शतकातील एक वाक्य तर सर्वांना पाठ असते, की जे धारण केले गेले नाही ते बरे झालेले नाही. ख्रिस्ताने मन, शरीर, भूक, थकवा, वेदना आणि मरण असे संपूर्ण माणूसपण धारण केले, म्हणून संपूर्ण माणूस बरा होऊ शकतो. या दृष्टीने 'आत्मा की शरीर' हा पर्यायच उरत नाही. अनेक ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहातील बुधवारी उपस्थित सर्वांना तेल लावले जाते; कोणाचा काही आजार आहे का, हे विचारले जात नाही, कारण आजारी सगळेच आहेत असे गृहीत धरलेले आहे.

अंतर्यात्री

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मूळ प्रश्नाकडे परततो. पूर्वा आणि जुना_करार यांचे प्रतिसाद वाचल्यावर मला वाटते, की आमच्या गटातील वाद 'काय' यापेक्षा 'केव्हा' याचा आहे. रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायात पौल म्हणतो, की ज्यांना आत्म्याचे प्रथमफळ मिळाले आहे तेही आपल्या शरीराच्या मुक्तीची वाट पाहत कण्हत आहेत. म्हणजे शरीराची मुक्ती बलिदानात आहे. तीत शंका नाही. पण ती पूर्णपणे हाती येण्याचा दिवस पुनरुत्थानाचा आहे. आज कोणी बरा होतो तो त्या दिवसाचा आगाऊ मिळालेला अंश आहे, आणि आगाऊ अंश सर्वांना समान मिळेल असे वचन कोठेही दिलेले नाही. तसे पाहिले तर येशूने मरणातून उठवलेला लाजारसुद्धा पुढे पुन्हा मेलाच असणार. क्षमेचे तसे नाही. तिच्यासाठी थांबावे लागत नाही. साक्ष यांना हे मान्य होईल का?

साक्ष

पुष्कळसे होईल. माझी भीती एवढीच आहे, की 'केव्हा' हे पुनरुत्थानावर ढकलले, की लोक आज मागायचेच सोडून देतात. याकोबाने 'वाट पाहा' असे म्हटलेले नाही, 'बोलवा' असे म्हटले आहे. भूतग्रस्त मुलाच्या बापाने 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका' असे म्हटले आणि तेवढ्यावर मुलगा बरा झाला; एवढ्या अर्धवट विश्वासानेही मागता येते, हे मला राखायचे आहे.

काटेरी_वाट

मागणे थांबवू नका, मीही थांबवलेले नाही. फक्त प्रार्थनेला सुरुवात करण्यापूर्वी आजारी माणसाला एकदा विचारा. बार्तीमय आंधळा आहे हे सर्वांना दिसत होते, तरी येशूने त्याला विचारले, की मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे. मला पुष्कळदा आजारापेक्षा झोपेसाठी प्रार्थना हवी असते, आणि ते कोणाला सुचत नाही.

रुग्णसेविका

हे मी आमच्या रुग्णालयात भेट द्यायला येणाऱ्या प्रार्थनागटांना सांगणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

काटेरी_वाट

हरकत नाही. माझ्या नावाशिवाय सांगा.

तर्जनी

धागा संपण्यापूर्वी एक राहिलेला मुद्दा. १ करिंथकरांस ११:३० मध्ये पौल म्हणतो, की प्रभुभोजन अयोग्य प्रकारे घेतल्यामुळे तुमच्यात पुष्कळ जण दुर्बळ व रोगी आहेत. तेव्हा पाप आणि आजार यांचा संबंध येशूने सर्वस्वी तोडला, असे म्हणता येणार नाही.

जुना_करार

तर्जनी, सर्वस्वी तोडला असे कोणी म्हटलेले नाही. परंतु त्या वचनाच्या आधीचा परिच्छेद वाचा. करिंथच्या मंडळीत काही जण आधीच जेवून तृप्त होत होते आणि गरीब उपाशी राहत होते. पौलाने दोष दिला आहे तो संपूर्ण मंडळीच्या वागणुकीला. अमका आजारी आहे म्हणून अमक्याचे पाप शोधा, असे तो सांगत नाही. यावर वेगळा धागा काढलात तर सविस्तर लिहीन.